शोकाचा हिशेब मागणाऱ्या मेसेजला उत्तर

कुठे बॉम्ब फुटला, कुठल्या शहरावर क्षेपणास्त्रं पडली, की दोन दिवसांत तो मेसेज पुन्हा फिरायला लागतो. शहरांची नावं तेवढी बदलतात, बाकी मजकूर तोच. या वेळी तो मामांनी पाठवला. मामा कुणाच्या मरणावर खूश होणारे गृहस्थ नव्हेत. त्यांना त्यात न्यायाची बाजू दिसली म्हणून त्यांनी तो पुढे ढकलला. भली माणसंही हा मजकूर वाटायला लागली, की 'सोडून द्या' म्हणून भागत नाही.

मेसेज थोडक्यात असा: 'पॅरिससाठी प्रोफाइलवर झेंडे लावलेत, मग बेरूत, गारिसा, बगदादच्या वेळी कुठे होतात? तिकडच्या बातम्या माध्यमं दाबतात. मृतांचे आकडे रोज बदलतात, म्हणजे ते बनावट. रडणाऱ्या आया आणि रक्ताने माखलेली पोरं म्हणजे पैसे घेऊन काम करणारे नट. त्या लोकांत निरपराध कुणी नसतंच. तेव्हा गप्प बसलेल्यांनी आता तोंड उघडू नये. मेणबत्त्या लावून कुणी परत येत नाही. पटलं तर दहा जणांना पाठवा.'

सावकाश वाचा. सुरुवातीला तक्रार आहे की बगदादच्या मेलेल्यांसाठी कुणी रडलं नाही. दोन-तीन ओळी पुढे गेलं की तेच रडणारे नट ठरतात, आणि लगेच त्यांच्यात निरपराध कुणी उरतही नाही. ज्यांच्या नावाने सुरुवात केली त्यांनाच खोटं आणि गुन्हेगार ठरवून मेसेज संपतो. एकाही मेलेल्या माणसाचं नाव त्यात नाही. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच.

'तिकडच्या बातम्या माध्यमं दाबतात'

यातली अर्धी गोष्ट खरी आहे, आणि ती आधी मान्य करायला हवी. शोक सारखा वाटला जात नाही. १२ नोव्हेंबर २०१५ ला बेरूतच्या बुर्ज अल-बराजने वस्तीत आत्मघाती स्फोटांत चाळीसहून अधिक माणसं मेली. दुसऱ्या दिवशी पॅरिसमध्ये १३० जण मारले गेले. 'मी सुखरूप आहे' असं कळवण्याची फेसबुकवरची सोय पॅरिससाठी सुरू झाली, बेरूतसाठी झाली नव्हती. फ्रान्सच्या झेंड्याचे रंग एका बोटाने फोटोवर चढत होते, लेबनॉनचा झेंडा तिथे नव्हताच. कंपनीचं म्हणणं असं, की तोवर ती सोय नैसर्गिक आपत्तींपुरती होती आणि पॅरिसपासून धोरण बदललं. बदलायला पॅरिस लागलं, आदल्या दिवशीचं बेरूत पुरलं नाही, हे खरंच आहे.

स्मारकांवरच्या रोषणाईचंही तेच. एप्रिल २०१७ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या मेट्रोत स्फोट झाला, तेव्हा बर्लिनच्या ब्रँडेनबुर्ग दरवाजावर रशियाचे रंग उमटले नाहीत. कारण दिलं गेलं, की ते बर्लिनचं भागीदार शहर नाही. पण ऑर्लँडो आणि जेरुसलेमसाठी अपवाद झाले होते, आणि तीही भागीदार शहरं नव्हेत. म्हणजे नियम होता, आणि तो कुणासाठी वाकवायचा हे ठरवणारं कुणीतरी होतं.

इथवर मेसेजवाल्यांशी भांडण नाही. पण 'दाबतात' या शब्दाशी आहे. २ एप्रिल २०१५ ला केनियातल्या गारिसा विद्यापीठावर अल-शबाब या दहशतवादी संघटनेने हल्ला केला. १४८ माणसं मेली, बहुतेक विद्यार्थी. बीबीसीने त्याच दिवशी बातमी दिली, जगभरच्या वृत्तसंस्थांनी दिली. नोव्हेंबरात पॅरिसनंतर बीबीसीची तीच सात महिने जुनी बातमी लाखो लोकांनी 'बघा, हे कुणी सांगत नाही' असं लिहून फिरवली. अनेकांना तो हल्ला आज झालाय असंच वाटत होतं. दाबलेली बातमी कुणाला शेअर करता येत नसते. बातमी होती, एप्रिलमध्ये तिच्यावर बोट पडलं नव्हतं. हा दोष संपादकांच्या माथी मारून आपण मोकळे होतो, आणि माझा राग तिथेच आहे.

बातमी लहान का राहते याची कारणं कट-कारस्थानापेक्षा साधी आणि जास्त त्रासदायक आहेत. पॅरिसमध्ये प्रत्येक मोठ्या वृत्तसंस्थेचं कार्यालय आहे, पंधरा मिनिटांत कॅमेरा पोचतो, रुग्णालयाचा प्रवक्ता फोन उचलतो, मेलेल्याचा फोटो आणि नातेवाईक संध्याकाळपर्यंत सापडतात. नोव्हेंबर २०२० मध्ये इथियोपियाच्या तिग्राय प्रांतात युद्ध पेटलं तेव्हा फोन आणि इंटरनेट बंद केलं गेलं, परदेशी पत्रकारांना वाट बंद झाली. अशा ठिकाणाहून बातमी आली तरी ती 'अनेक जण मृत्युमुखी, स्वतंत्र दुजोरा नाही' एवढीच येते. चेहरा नाही, वय नाही, शेवटचा फोन नाही. वाचणाऱ्याचं मन ज्याला धरून थांबतं ते काहीच नाही. तेव्हा दोष शोधायचा तर फोनची तार तोडणाऱ्या सरकारांपाशी जा. मेसेजमध्ये त्यांचं नाव नाही.

आणि ही दरी फक्त गोरे आणि बाकीचे यांच्यातली नाही. पेरू घ्या. १९८० ते २००० या काळात सेंदेरो लुमिनोसो ही बंडखोर संघटना आणि सैन्य यांच्यात गावं भरडली गेली. २००३ मध्ये तिथल्या सत्य आयोगाने अहवाल दिला: अंदाजे ६९,२८० मृत आणि बेपत्ता. तोवर देशात जो आकडा मानला जात होता तो याच्या निम्म्याच्या आसपास होता. पेरूच्या १८२ वर्षांच्या स्वतंत्र इतिहासातल्या सगळ्या युद्धांत मिळून गेली नाहीत एवढी माणसं गेली, आणि त्यांतल्या निम्म्यांची गैरहजेरी देशात कुणाला जाणवलीच नाही. कारण बळी पडलेल्यांतले सुमारे तीन-चतुर्थांश लोक केचुआ किंवा दुसरी मूळची भाषा बोलणारे होते, डोंगरातले शेतकरी होते. एप्रिल १९८३ मध्ये लुकानामार्का भागात ६९ गावकरी मारले गेले. राजधानी लिमाला युद्ध आपलं वाटलं ते जुलै १९९२ मध्ये, मिराफ्लोरेस या सुखवस्तू भागातल्या ताराता रस्त्यावर बॉम्ब फुटून २५ जण मेले तेव्हा. उचुराक्काय नावाच्या गावात जानेवारी १९८३ मध्ये बातमीसाठी गेलेले आठ पत्रकार मारले गेले. त्यांच्यासाठी सारा देश रडला, आणि रडायलाच हवं होतं. त्याच गावातले १३५ लोक पुढच्या काळात मारले गेले. त्यांना आयोगाच्या अहवालाची वाट पाहावी लागली. देश एकच, सरकार एकच, धर्मही बहुतांशी एकच. मेसेजमधल्या 'ते' आणि 'आपण' या दोन डब्यांत हे कुठे बसवणार?

'आकडे रोज बदलतात, म्हणजे बनावट'

हे अगदी उलटं आहे. आकडा पहिल्या दिवसापासून महिनाभर हललाच नाही, तर शंका घ्यायची.

मोठ्या हल्ल्यानंतर पहिल्या तासांत आकडा येतो तो बेपत्ता झाल्याच्या तक्रारी, रुग्णालयं आणि शवागार यांच्या बेरजेतून. या बेरजेत चुका ठरलेल्या असतात. बायको घरच्या नावाने तक्रार करते, कार्यालय कागदावरच्या नावाने, आणि एकाची दोन माणसं होतात. एकच देह रुग्णालयाच्या वहीतही असतो आणि शवागाराच्याही. स्फोटात तुकडे झालेल्या एका देहाचे दोन धरले जातात. हल्लेखोराचा जळालेला देह बळींत मोजला जातो. उलट दिशेने, ढिगाऱ्याखालचे अजून मोजलेलेच नसतात आणि जखमी आठवड्याने दगावतात. म्हणून आकडा दोन्हीकडे सरकतो. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २००१ मध्ये बेपत्तांचा आकडा ६,००० च्या वर गेला होता. नावं जुळवून, दुहेरी नोंदी काढून तो २,७५३ वर आला. इस्रायलने ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यातल्या मृतांचा आकडा आधी सुमारे १,४०० सांगितला आणि महिनाभराने सुमारे १,२०० केला, कारण ओळख न पटलेल्या जळालेल्या देहांत हल्लेखोरही होते. त्याच महिन्यात गाझाच्या आरोग्य मंत्रालयाच्या आकड्यावर अमेरिकेच्या अध्यक्षांनी शंका घेतली. दुसऱ्या दिवशी मंत्रालयाने ७,०२८ मृतांपैकी ६,७४७ जणांची नाव, वय, लिंग आणि ओळखपत्र क्रमांकासह यादी काढली आणि २८१ जणांची ओळख पटलेली नाही हेही लिहिलं. पुढे त्या याद्यांतल्या नोंदी दुरुस्त झाल्या, काही नावं गळली. मोजणी म्हणतात ती हीच. कुणी कमी केला की 'बघा, खोटं बोलत होते' आणि कुणी वाढवला की 'बघा, फुगवताहेत', या दोन आरोपांमधून मोजणाऱ्याला सुटकाच नाही.

पक्क्या नोंदीची कसोटी साधी असते. सीरियासाठी संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने तीन गोष्टी मागितल्या: पूर्ण नाव, मृत्यूची तारीख, मृत्यूचा प्रांत. तिन्हीतलं एक जरी नसलं तरी नोंद बाजूला. मार्च २०११ ते मार्च २०२१ या दहा वर्षांत या कसोटीला उतरलेले नागरिक निघाले १,४३,३५०. जून २०२२ मध्ये कार्यालयाने एकूण अंदाज दिला ३,०६,८८७. मधले १,६३,५३७ हवेतून आले नाहीत. वेगवेगळ्या संस्थांच्या याद्या एकमेकींवर ठेवून बघतात. दोन स्वतंत्र याद्यांत बरीचशी नावं सारखी निघाली, तर सुटलेले थोडे असणार. फारच कमी नावं सारखी निघाली, तर कुणाच्याच यादीत न आलेले खूप असणार. त्यावरून गणित मांडलं जातं. म्हणून 'नोंदलेले' आणि 'अंदाजे' हे दोन आकडे वेगळे वाचायचे असतात. बातमी देणारे ते एकाच वाक्यात कोंबतात आणि मेसेज बनवणाऱ्यांच्या हाती कोलीत मिळतं. इराकच्या आकड्यांवरून झालेला बराचसा गोंधळ यातलाच: कुणी फक्त नोंदलेले हिंसक मृत्यू मोजत होतं, कुणी घरोघरी सर्वेक्षण करून युद्धामुळे वाढलेले सगळे मृत्यू.

आकडे मुद्दाम फुगवले जात नाहीत असं मी म्हणणार नाही. जातात. फेब्रुवारी १९४५ च्या ड्रेस्डेनवरच्या बॉम्बवर्षावानंतर पोलिसांच्या अहवालात १० मार्चपर्यंतचे मृत २०,२०४ होते. त्याची एक प्रत फिरली तिच्यात २,०२,०४० होते. शेवटी एक शून्य चिकटवलं होतं, बस्स. नाझी प्रचाराने दोन लाखांचा आकडा बाहेर सोडला आणि तो पुढे अनेक दशकं चालत राहिला. २००४ मध्ये शहराने इतिहासकारांचा आयोग नेमला. दफनभूमीच्या वह्या, जन्म-मृत्यू नोंदणीची कागदपत्रं, खोदकामात सापडलेले अवशेष, सगळं तपासून २०१० मध्ये आयोग जास्तीत जास्त २५,००० वर आला. फुगवलेला आकडा पकडला तो मोजून. 'सगळे आकडे बनावट' म्हणणाऱ्याने नव्हे.

पण या मुद्द्यावर एकच उदाहरण द्यायचं असेल तर ते बोस्नियाचं. १९९२ ते १९९५ च्या युद्धात दोन लाख किंवा त्याहून जास्त मेले, असं वर्षानुवर्षं बोललं जायचं. दुसरी बाजू म्हणायची, सगळे सारखेच मेले, कुणी कुणाला दोष देऊ नये. साराजेव्होच्या संशोधन आणि दस्तऐवजीकरण केंद्रात मिर्साद तोकाचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेक नाव गोळा केलं: कोण, कुठला, कधी आणि कुठे मेला, सैनिक होता की नागरिक. बाहेरच्या तज्ज्ञांकडून नोंदी तपासून घेतल्या. निघाले ९५,९४०. बोस्नियाकांना, म्हणजे तिथल्या मुस्लिम समाजाला, ऐकायला आवडलं नाही, कारण दोन लाखांचे निम्मे झाले होते. मग नागरिकांचा तक्ता आला. मारले गेलेले नागरिक ३८,२३९; त्यांत बोस्नियाक ३१,१०७, सर्ब ४,१७८, क्रोएट २,४८४ आणि इतर ४७०. 'सगळे सारखेच' म्हणणाऱ्यांनाही ते आवडलं नाही, कारण पाचातले चार नागरिक एकाच समाजाचे होते. आणि त्या यादीत ४,१७८ सर्ब नागरिकही आहेत, प्रत्येक जण नावाने. त्यांना कुणी वगळलं नाही. आकडा निम्मा झाला म्हणून गुन्हा निम्मा झाला नाही, आणि एका समाजाचं दुःख जास्त म्हणून दुसऱ्या समाजातल्या मेलेल्याचं नाव खोडलं गेलं नाही. ही यादी डोळ्यांसमोर असताना 'आकडे म्हणजे प्रचार' असं म्हणणाऱ्याला माझ्याकडून सवलत नाही.

'रडणारे सगळे पगारी नट'

सगळ्या मेसेजमधलं हे सगळ्यात नीच वाक्य. आणि सगळ्यात जास्त उचललं जातं तेही हेच.

एप्रिल २०२२ च्या सुरुवातीला युक्रेनमधल्या बुचा शहरातल्या याब्लुन्स्का रस्त्यावरचे देह जगाने पाहिले. लगेच दावे आले. गाडीतून काढलेल्या व्हिडिओत एका प्रेताचा हात हलतो म्हणे. मूळ, स्पष्ट व्हिडिओ हळू चालवला तर दिसतं की तो समोरच्या काचेवरून ओघळणारा पाण्याचा थेंब आहे. दुसरं प्रेत उठून बसतं म्हणे. ते गाडीच्या बाजूच्या आरशातलं वाकडं प्रतिबिंब, आणि त्याच आरशात मागची घरंही तशीच वाकताना दिसतात. मग रशियाच्या संरक्षण मंत्रालयाने म्हटलं, सैन्य ३० मार्चलाच निघालं होतं आणि चार दिवसांनंतरही देह ताठरलेले नाहीत, म्हणजे ते ताजे. शवविच्छेदनाची तोंडओळख असलेल्या कुणालाही हे ऐकवणार नाही. मृत्यूनंतर काही तासांत देह ताठरायला लागतो, साधारण बारा तासांत पुरता ताठरतो आणि दोन-तीन दिवसांत तो ताठरपणा उतरतो. थंडीत जरा उशिरा. जुना देह सैल असणं हेच अपेक्षित. शिवाय मार्चमध्ये, सैन्य तिथे असतानाच घेतलेल्या उपग्रहचित्रांत त्याच रस्त्यावर त्याच जागी त्या आकृत्या दिसतात.

९ मार्च २०२२ ला मारिउपोलच्या प्रसूतिगृहावर बॉम्ब पडला. जिन्यावरून उतरणाऱ्या एका गरोदर बाईला रशियाच्या लंडनमधल्या दूतावासाने मेकअप केलेली नटी ठरवलं, स्ट्रेचरवरची दुसरी गरोदर बाईही तीच म्हणून सांगण्यात आलं. पहिली एक-दोन दिवसांतच बाळंत झाली. स्ट्रेचरवरची वेगळी होती. ती मेली, तिचं बाळही मेलं.

हे एकाच बाजूचे लोक करतात असंही नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये चार वर्षांची दोन मुलं मेली, एक इस्रायली आणि एक पॅलेस्टिनी. कफनात गुंडाळलेल्या पॅलेस्टिनी मुलाला 'ही तर बाहुली आहे' म्हणून हजारोंनी हिणवलं. इस्रायली मुलाबद्दल 'तो मेलाच नाही, पगारी नट आहे' असं लिहिलं गेलं. आपलं पोर खरंच होतं आणि खरंच गेलं याचा पुरावा दोन्ही घरांकडे अनोळखी लोकांनी मागितला.

अशा वेळी फिरवले जाणारे 'पुरावे' ठरलेले असतात. कफनातले देह हलताना दाखवणारा व्हिडिओ गाझाच्या नावाने कितीदा तरी आला. तो २०१३ सालचा, कैरोच्या अल-अझहर विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या निदर्शनाचा आहे. अंगावर जखमा रंगवलेल्या मुलीचा व्हिडिओ लेबनॉनमधल्या एका लघुपटाच्या चित्रीकरणाचा. शिळ्या कढीला ऊत आणायला फक्त नवा मथळा लागतो. तपासणं अवघड नाही: व्हिडिओ थांबवून तीन-चार चौकटींचे स्क्रीनशॉट काढा, एकेक फोटो उलट्या शोधात (फोटो देऊन तो आधी कुठे आला होता ते शोधायची सोय) टाका, निकाल जुन्यापासून नव्याकडे लावा. घटनेच्या तारखेआधीची एक जरी प्रत निघाली तरी प्रकरण संपलं. काही निघालं नाही तर सावल्या, पाट्यांवरची लिपी आणि त्या दिवशीचं हवामान पाहा. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल लहान करण्यासाठी दहा वेळा दाबून अंधूक झालेल्या प्रतीवरून कुणाचा हात हलला हे कधी ठरवू नका. दाबताना पडलेले चौकोन सरकतात आणि डोळ्याला ती हालचाल वाटते.

'रक्त कुठे दिसतं?' असाही एक प्रश्न असतो. स्फोटाच्या दाबाने फुप्फुसं आतल्या आत फाटतात, बाहेर ओरखडाही नसतो. ढिगाऱ्यातून काढलेलं मूल सिमेंटच्या धुळीने राखाडी दिसतं. एकच बचावकर्ता अनेक फोटोंत दिसतो, कारण त्या वस्तीत बचावकर्तेच पाच-सहा उरलेले असतात.

'त्या लोकांत निरपराध कुणी नसतंच'

जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये जोडलेल्या पहिल्या प्रोटोकॉलचं ५० वं कलम सरळ आहे. एखादा माणूस नागरिक आहे की नाही अशी शंका असेल तर तो नागरिक धरायचा. वस्तीत काही लढवय्ये मिसळलेले असले म्हणून सगळी वस्ती नागरिक राहत नाही असं होत नाही. ३२ वं कलम म्हणतं, आपल्या माणसाचं काय झालं हे कळण्याचा कुटुंबाला हक्क आहे. त्यात 'आपल्या बाजूच्या कुटुंबाला' असं लिहिलेलं नाही.

या वाक्याने नुकसान काय होतं ते स्पेनमध्ये पाहावं. १९३९ मध्ये यादवी संपल्यावर फ्रँकोच्या राजवटीने आपल्या बाजूचे मृत खणून काढले, सन्मानाने पुरले, गावोगाव चर्चच्या भिंतींवर त्यांची नावं कोरली. प्रजासत्ताकाच्या बाजूचे लोक रस्त्याकडेच्या चरांत तसेच राहिले. त्यांच्या बायकांना उघड रडताही आलं नाही, कारण ते 'लाल' होते आणि लाल लोकांत निरपराध कुणी नसतं असं ठरलेलं होतं. २००० साली प्रियारांसा देल बिएर्सो या गावात १३ जणांचा चर शास्त्रीय पद्धतीने उघडला गेला, तोवर बहुतेक विधवा गेल्या होत्या. श्रीलंकेत २००९ मध्ये यादवीच्या अखेरच्या लढाईत चाळीस हजारांपर्यंत नागरिक मेले असावेत असं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये म्हटलं. त्यांच्यासाठी जाफना विद्यापीठात उभारलेलं मुळ्ळिवाय्क्कालचं (ही लढाई झाली त्या गावाच्या नावाचं) स्मारक जानेवारी २०२१ मध्ये रात्रीतून पाडलं गेलं. विद्यार्थी बसून राहिले, निषेध झाला, तेव्हा ते पुन्हा बांधावं लागलं.

आणि 'दुसऱ्या बाजूसाठी कोण रडतं?' याला उत्तर आहे. बेलग्रेडमध्ये, म्हणजे सर्बियाच्या राजधानीत, काळे कपडे घालून मूक उभ्या राहणाऱ्या बायका ऑक्टोबर १९९१ पासून आहेत, आणि बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सात सर्ब सैन्याने मारलेल्यांसाठी त्या दर वर्षी उभ्या राहतात. त्याच बेलग्रेडमध्ये नाताशा कांदिच यांनी स्थापन केलेल्या मानवतावादी कायदा केंद्राने तेव्हा सर्बियाचा प्रांत असलेल्या कोसोव्होतल्या युद्धातल्या मृतांची आणि बेपत्तांची नावानिशी नोंद केली: १३,५३५. त्यांत १०,८१२ अल्बेनियन, २,१९७ सर्ब, ५२६ रोमा आणि इतर. आपल्या सैन्याने मारलेल्यांची नावं आपल्या राजधानीत बसून लिहिणारी माणसं जगात आहेत. त्यांना देशद्रोही म्हटलं गेलं, त्यांच्यावर थुंकलं गेलं, आणि यादी पुरी झाली.

'तेव्हा गप्प होतात, आता बोलू नका'

यावर फार शाई घालवत नाही. या नियमाने जगात कुणालाच कधीच बोलता येणार नाही, कारण प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या वेळी गप्प होता. मेसेज पाठवणाराही. गारिसाबद्दल आज कळलं तर आज वाईट वाटू द्या. उशिरा वाटलेलं दुःख खोटं नसतं. 'मग तेव्हा का नाही' हा प्रश्न विचारायचाच तर तेव्हाच्या मृतांची माहिती सोबत देऊन विचारा.

'मेणबत्त्या लावून कुणी परत येत नाही'

नाही येत. पण शोक म्हणजे नुसत्या मेणबत्त्या नव्हेत. सुदानची राजधानी खार्तूम घ्या. एप्रिल २०२३ मध्ये युद्ध सुरू झालं, रुग्णालयं बंद पडली, दफनभूमीपर्यंत पोचता येईना म्हणून माणसं अंगणात पुरली गेली. लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनच्या संशोधकांनी मोजायचं ठरवलं तेव्हा नोंदवही कुठेच नव्हती. त्यांनी तीन याद्या केल्या, आणि त्यांतली एक होती सोशल मीडियावर घरच्यांनी लिहिलेल्या शोकसंदेशांची. 'आमचे काका गेले', तारीख, गाव, प्रार्थना. सीरियासारखंच, याद्या एकमेकींवर ठेवल्या. जून २०२४ पर्यंत एकट्या खार्तूम राज्यात ६१,००० हून अधिक मृत्यू, त्यांतले सुमारे २६,००० हिंसेने. त्याच काळात अख्ख्या सुदानसाठी हिंसक मृत्यूंचा नोंदलेला आकडा होता २०,१७८. लोकांनी आपल्या माणसासाठी चार ओळी लिहिल्या नसत्या तर ही मोजणी उभीच राहिली नसती. त्यांना 'लिहून काय होणार' म्हणणारा हा मेसेज आहे.

उलट बाजूही बघा. मारणारा आधी प्रेत लपवतो. १९९९ मध्ये कोसोव्होतल्या अल्बेनियन लोकांचे देह शीतगृहाच्या ट्रकांत भरून सर्बियात नेले गेले. एक ट्रक डॅन्यूब नदीत वर आला, आतून ऐंशीहून अधिक देह निघाले. २००१-०२ मध्ये बेलग्रेडजवळच्या बातायनित्सा इथल्या पोलिसांच्या तळावर सातशेहून अधिक जणांचे अवशेष सापडले. स्रेब्रेनित्सात जुलै १९९५ मध्ये मारलेल्यांचे सामूहिक खड्डे काही आठवड्यांनी यंत्रांनी उकरून देह दुसरीकडे नेऊन पुरले. यंत्राच्या दातांनी देह तुटले, म्हणून एकाच माणसाची हाडं वेगवेगळ्या खड्ड्यांत, कधी कधी कित्येक किलोमीटर दूर सापडतात. नातेवाइकांच्या रक्ताचे नमुने घेऊन हाडांतल्या डीएनएशी जुळवत बेपत्ता व्यक्तींच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने सात हजारांच्या आसपास लोकांची ओळख पटवली. स्रेब्रेनित्साजवळच्या पोतोचारीच्या स्मारकावर ८,३७२ नावं कोरलेली आहेत.

तिथे दर ११ जुलैला, ज्यांची ओळख त्या वर्षात पटली त्यांचं दफन होतं. प्रयोगशाळेतून फोन येतो तेव्हा घरच्यांपुढे प्रश्न असतो. सापडलंय ते एक मांडीचं हाड किंवा जबड्याचा तुकडा. आत्ता पुरायचं, की आणखी काही सापडेपर्यंत थांबायचं? काही आया थांबतात, वर्षानुवर्षं. काही जणी आहे तेवढं पुरतात. मग पुढच्या खड्ड्यात त्याच मुलाचं आणखी एक हाड सापडतं, परवानगीचा कागद भरला जातो, कबर उघडतात आणि ते आत ठेवून पुन्हा बंद करतात.